चौदा नंबर

बिग स्प्रिंगच्या पूर्वेला, मेस्किटच्या काट्यांपलीकडे
चौदा नंबरची विहीर आठ वर्षं नुसतं पाणी ओकतेय.
शंभरात सत्त्याण्णव बादल्या खारं पाणी,
वर तीन बादल्या तेल,
तेही रुसल्यासारखं.

डेलबर्ट स्ट्राउड टोपी मागे सारत म्हणाला,
"काल नवात रंग सोडला,
आज जेवणाआधी चौदात हजर."
मधे एवढं रान, एवढा खडक,
आणि वाटेत कुणाला हातही न लावता.

भेग आहे.
भेग सापडली की पाणी दगडाकडे ढुंकून बघत नाही.
तेल तिथंच, दोन्ही अंगांना,
डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांत
आतून कडी लावून बसलेलं.

खडकाचा तुकडा मी बोटांत फिरवते.
रॉकेलसारखा वास. जीभ लावते.
डेलबर्ट दुसरीकडे बघतो.

पांढरी पावडर टाकीत ओतायची नाही,
वैरायची.
पिठल्यात बेसन वैरतात तशी,
एक हात ढवळता, एक भुरभुरता.
गुठळी झाली की संपलं.
इथे तिला माशाचा डोळा म्हणतात.
डेलबर्टला पिठलं समजावायला गेले तर म्हणाला,
"ग्रेव्ही. आईला कधीच जमली नाही."

मग चवीपुरतं क्रोमियम.
सकाळी चमचा उचलून पाहिला,
जिलबीच्या पाकासारखी तार.
हे आता धावणार नाही.
भेगेत शिरेल, बसकण मारेल,
मागून येणाऱ्या पाण्याला सांगेल,
इथून नाही, दगडातून जा.

फक्त पंपाने दडपू नका, म्हटलं.
जोर केला की साखळ्या तुटतात,
आणि तुटलेल्या साखळ्यांचं
परत पाणीच होतं. महागडं पाणी.

मिडलंडहून दर सोमवारी फोन.
किती दिवस?
आधी उत्तर द्यायचे, मग उचलेनासे झाले.

अकराव्या आठवड्यात
डेलबर्टने नमुन्याची बाटली उन्हात धरली.
एक्क्याण्णव.
"तिप्पट झालं," मी म्हणाले.
"नऊ बादल्या," तो म्हणाला,
आणि बाटली पिकअपच्या बॉनेटवर ठेवली.

गढूळ होतं अजून सगळं.
आम्ही दोघं टेकून उभे.
वाऱ्याने दार आपटलं, कुणी वळलं नाही.
बाटलीत पाणी हळूहळू खाली बसत होतं.