मागचा पिस्टन

मालवणहून टेम्पोत आली, ताडपत्रीखाली,
सीट उसवलेली, नंबर अर्धा खरवडलेला.
जिंतूरच्या अड्ड्यावर पोरं म्हणाली,
मुनाफभाई, ही फटफटी हाय का होडी?

टू-स्ट्रोक म्हणजे टू-स्ट्रोक.
राजदूत काय, लूना काय,
हाताला तोच वास.
मागचा पिस्टन वितळला होता. नवा बसवला.
रिंगा, सील, बेअरिंग; बोअर परभणीहून.
सतरा हजार,
मुंजाजीच्या बायकोच्या बचत गटाचे.

येलदरीत सोडली रविवारी.
अकरा मिनिटं.
भोयांच्या जाळ्यांना वळसा घालत
मुंजाजी उभा राहून काहीतरी ओरडत होता.
मग आवाज पातळ झाला, चढला,
आणि नुसतं पाणी.

काशिनाथ भोयानं थर्माकोलच्या तराफ्यावरून
दोरीनं ओढून आणली.
कुणी काही बोललं नाही.
प्लग काढला, हाडासारखा पांढरा.
पुन्हा मागचाच.

रात्री कार्बोरेटर खोलला,
जो पहिल्या खेपेला खोललाच नव्हता,
चालतंय की, म्हणून.
जेटच्या केसाएवढ्या भोकात
एक कण अडकलेला.
सुईनं काढून जिभेवर ठेवला.
खारट.

इतक्या दूर, इतक्या गोड्या पाण्यात,
अख्खा समुद्र तेवढ्याशा भोकात बसून होता.
पेट्रोलात मीठ विरघळत नाही,
हे मला पन्नाशीत कळावं.

सकाळी मुंजाजी दोन कटिंग घेऊन आला.
दोष मालवणचा, असं म्हणता आलं असतं.
त्यानं खाली बघत विचारलं, किती लागतील?

तोंडात अजून चव होती ती.
म्हणालो, या खेपेला माझे.