मधलं पान

घुबडण्णा विकला गेला, हे मला
बसलिंगच्या झेरॉक्सच्या दुकानात कळलं,
निपाणी स्टँडसमोर. आधारकार्डाच्या दोन प्रती निघत होत्या.
"कितीला, ठाऊक हाय काय?" म्हणाला
आणि आकडा बोललाच नाही.
मशीनचा उजेड त्याच्या हनुवटीखालून सरकत गेला.

घुबडण्णाला उडता येत नव्हतं.
घोंगडं, कंदील, डाव्या पायातली वहाण तुटकी.
सत्तावीस अंकांत त्यानं ती एकदाही शिवून घेतली नाही.
संकेश्वरातनं निघायचा, खानापुरापर्यंत चालायचा रातोरात,
हरवलेलं ज्याचं त्याला देऊन यायचा:
म्हैस, सोडचिठ्ठीचा कागद,
एकदा एका मास्तरचा बसलेला आवाज.

किंमत दीड रुपया.
इकडनं उघडलं की मराठी,
उलटं फिरवलं की कन्नड, तिथं तो गूबण्णा.
दोन्ही गोष्टी चालत चालत मध्यावर यायच्या,
पिना मारलेल्या जोडपानावर,
आणि तिथं शब्दच नसायचा.
नदी, दोन काठ, दोन कंदील.
भरमू पेंटर ते चित्र असं काढायचा
की कुठनंही धरा, सुलटंच,
पत्त्यातल्या राजासारखं.

आता म्हणे त्याची गाठ मेगावज्रशी,
जो एरवी शाम्पू विकतो.
पडद्यावर दोघं मिळून पृथ्वी वाचवणार.
पृथ्वी!
आम्हांला हुक्केरीच्या पलीकडचं कधी वाचवून हवं होतं?

तंबाखूच्या वखारीत सभा झाली.
सात जण आलो, आणखी दोघं भांडण बघायला.
कंपनीला निषेधाचं पत्र लिहायचं ठरलं, दोन्ही भाषांत.
वर कुठली, खाली कुठली, यात चहा तीनदा झाला.
तंबाखूच्या भुकटीनं सगळे शिंकत होतो,
शिंका तेवढ्या एका भाषेत.
शेवटी दस्तगीर म्हणाला, "आपल्या पुस्तकागत करू की.
इकडनं एक, उलटं केलं की दुसरी."
सगळे गप्प.
मग कोपऱ्यातनं कुणीतरी,
"पण कंपनी आधी कुठनं उघडणार?"

पत्र अजून माझ्याकडंच आहे.

मग रागानं सदलग्याला गेलो.
भरमू पेंटर ओट्यावर बसून तांदूळ निवडत होता,
दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, विकल्याच्या पैशातनं.
खडा लांबनं दिसला की पोरासारखा हसायचा.
म्हटलं, "अण्णा, त्यांनी वहाणेच्या जागी निळे दिवे लागणारे बूट दिलेत."
"कुठली वहाण?"
"तुटकी. डाव्या पायातली."
बराच वेळ आठवत राहिला.
"ती व्हय. पहिल्या अंकात शाई पसरली होती तिथं.
तुम्ही पोरांनी पत्रं धाडली, का तुटली, कशी तुटली.
मग ठेवली तशीच."
आणि तांदळात परत बोटं घातली.

मी काय सांगणार त्याला?
माझ्या बारा वर्षांच्या वयाला एक शाईचा डाग पुरला होता.

बेळगावला पिक्चर लागला. जाणार नव्हतो,
भाच्यानं जेवण सोडलं म्हणून गेलो.
घुबडण्णा उडाला. थिएटर उठून ओरडलं,
भाचा खुर्चीवर उभा, बसलिंग दोन रांगा पुढं शिट्टी मारताना दिसला,
मला बघून खाली बसला.
मी म्हणालो नाही काहीच. एवढंच वाटलं,
इतक्या वरनं कुणाचं काय हरवलंय
ते दिसत असेल काय ह्याला?

परतीच्या एसटीत पोरगं मांडीवर झोपलं.
हत्तरगीच्या नाक्यावर त्याच्या खिशातनं
थिएटरचा काळा चष्मा खाली पडला,
द्यायचा राहून गेलेला.
पाऊणशे किलोमीटर मागं.
उद्या पोस्टानं धाडावा, नाहीतर राहू द्यावा, कोण विचारतंय.
चष्मा रुमालात बांधला,
आणि वाकून बघितलं, आपल्या चपलेचा अंगठा
किती दिवस टिकेल.