रनिंग स्कोर

पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन,
दुसऱ्या-चौथ्याला निळं.
दोन गुणांची तिरकी रेघ, फ्री थ्रोचा भरीव ठिपका,
तीनचा बास्केट असेल तर खेळाडूच्या नंबराभोवती गोल.
एकोणीस वर्षं एवढंच.
पोट्टे मला शीटवाले काका म्हणतात.
दिवसा मी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये ब्युरेट धुतो.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की आंतरमहाविद्यालयीन सुरू.
काटोलचं सायन्स कॉलेज एसटीने येतं,
बूट पिशवीत, डबे मांडीवर.
उमरेडचे सातच जण; आठवा सप्लीमेंटरीला बसलेला.
हिंगण्याच्या इंजिनिअरिंगला स्वतःची बस, पाण्याचे जार,
एकसारख्या बॅगा.
कामठीचा सेंटर सहा फूट पाच,
दारांतून वाकून जायची इतकी सवय
की उघड्या मैदानातही मान खाली घालूनच येतो.
यातलं काही शीटवर नसतं.

डिसेंबरात सहानंतर कोर्टावर दव उतरतं.
लाइटखाली सिमेंट काळं, ओलं, चमकतं,
बूट चुंई करून घसरतात.
मग रेफ्री शिट्टी मारतो आणि दोन्ही बाजूंचे राखीव पोट्टे
पोती घेऊन, गुडघ्यांवर, एका रांगेत
कोर्ट पुसत जातात या बास्केटपासून त्या बास्केटपर्यंत.
तेवढा वेळ ते कोणत्याच कॉलेजचे नसतात.

सोळांतून आठ. आठांतून चार.
सेमीफायनल : काटोल, हिंगणा.

काटोलवाले दरवर्षी टेबलाखाली संत्र्यांची पिशवी ठेवतात.
"लाच नाही काका, थंडी आहे ना."
तिसरा क्वार्टर. रोशन निनावे, नंबर नऊ, लाइनवर.
पहिला फ्री थ्रो आत : लाल ठिपका.
दुसऱ्याच्या वेळी—

अकरा सेकंद उरले तेव्हा
बोर्डावर काटोल अठ्ठावन्न, हिंगणा सत्तावन्न.
शीटवर सत्तावन्न, सत्तावन्न.
बोर्डावर बसलेला फर्स्ट इयरचा हर्षल गजघाटे,
बोटं गारठून निळी, म्हणाला, "मी दाबलं होतं सर, आत गेला होता."
ढोमणे सर टेबलावर हात आपटत होते.
हिंगण्याकडून कोणीतरी ओरडलं, "शीट पाहा बे, शीट!"
रेफ्रीने माझ्याकडे पाहिलं.
नियम असा की बोर्ड आणि शीट भांडले तर शीट खरी.
मी म्हणालो, शीट बरोबर आहे.
आवाज माझाच होता.

ओव्हरटाइममध्ये काटोल पाचने गेलं.

गर्दी पांगल्यावर रोशन टेबलाशी आला.
भांडला नाही. शीटवर वाकला,
बोटाने तिसरा क्वार्टर शोधला.
"इथे काहीच नाही काका."
चुकलेल्या थ्रोला खूण नसते, मी सांगितलं.
न पाहिलेल्यालाही नसते,
हे नाही सांगितलं.
कागदाच्या त्या कोपऱ्याला संत्र्याच्या सालीचा वास येत होता.
त्याला आला की नाही, माहीत नाही.
साडेनऊची एसटी होती, तो पळाला.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये
बीएस्सीच्या मुलींना मॅडम सांगत होत्या,
डोळा द्रवाच्या पातळीत ठेवा,
एका रीडिंगवर विश्वास नको, तीनदा घ्या.
मी नळाखाली हात धुतले. पुन्हा धुतले.

फायनल कामठीने मारली. बावीसने.
तो सेंटर ट्रॉफी घेतानाही वाकला.
मी दोन्ही पेनं झाकणं लावून खिशात टाकली.
पिशवी टेबलाखालीच होती,
अकरा संत्री आणि एक अर्धं सोललेलं.