गुडघ्याच्या उंचीवर

पावणेतीनला दिवेलागण.
‘दुपार’ हा शब्द मी डब्यात घालून ठेवलाय,
मार्चपर्यंत टिकला तर बघू.

ओउलूला आले तेव्हा जून होता.
रात्री अकराला बाल्कनीत उन्हात कपडे वाळत होते
आणि मी फोनवर फुशारक्या मारत होते.
आता सकाळी नऊला, अंधारातच,
पोरांची रांग शाळेत जाते, दंगा करत,
जणू काही घडलेलंच नाही.
मी ड जीवनसत्त्वाची गोळी गिळते
आणि घड्याळावर विश्वास ठेवते.

खालच्या मजल्यावरच्या ताइमीबाई
फार बोलत नाहीत. लिफ्टमध्ये एकदा
माझ्या काळ्या कोटाकडे बघत राहिल्या.
दुसऱ्या दिवशी दाराच्या मुठीला पिशवी:
चमकणारं एक प्लास्टिकचं हरीण, दोरा, सेफ्टी पिन,
आणि चिठ्ठी.
‘उजव्या बाजूला. गुडघ्याच्या उंचीवर.’
शुभेच्छा वगैरे असेल म्हणून
मी कागद उलटून पाहिला.
नव्हती.

काल बसस्टॉपकडे उतरताना
वळणावर गाडी आली, मंदावली, थांबली.
काचेमागचं माणूस दिसलं नाही.
माझ्या गुडघ्यापाशी मात्र
बोटभर हरीण
लख्ख उजाडलं होतं.