मीनवुडचा तेरडा

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, दहाला पाच कमी असताना,
आम्ही सात-आठ जण ओढ्याकाठच्या पत्र्याच्या शेडपाशी जमतो.
क्लिफर्ड कुलूप उघडतो. कुलूप अडकतं.
तो त्याला अस्सल यॉर्कशरी शिवी घालतो, मग ते उघडतं.
हातमोजे वाटले जातात. माझ्या मापाचे कधीच नसतात.

घरी हे म्हणतात, कौन्सिलला आपण कर भरतो ना?
मग लोकांच्या कुत्र्यांची घाण तू का उचलतेस?
मला उत्तर येत नाही. मी डबा भरते, बूट चढवते.

पायवाट दीड मैलाची. महिनाभरात ती
दोन्ही अंगांनी मिटत येते.
काटेरी वेली बाही धरतात.
फांद्यांना काळ्या पिशव्या लटकलेल्या, कुणी नवस बोलल्यासारख्या.
बिअरचे डबे, तान्ह्याचा एक मोजा,
मागच्या वर्षी एक अख्खी खिडकी, काचेसकट.
शेवाळलेल्या फळ्यांवर ब्रायोनी कोंबड्यांची जाळी ठोकते,
ओठांत चार खिळे धरून,
आणि तशीच बोलत राहते.

पहिल्या दिवशी मला कोयता मिळाला.
कसा धरायचा ते दाखवायला आलेला क्लिफर्ड
माझा पहिला घाव बघून परत गेला.
तीस वर्षं इस्पितळात दुसऱ्यांचं रक्त तपासणारा हात
देवरुखचं कुंपण विसरला नव्हता.

जुलैपासून मात्र एकच काम: उपटणं.
दोन्ही काठांना छातीइतकी उंच, गुलाबी,
पाणीदार देठांची दाटी.
हात लागला की शेंग फटकन फुटते, बिया गालावर येतात.
हे काठ खातं, क्लिफर्ड म्हणाला. थंडीत मरतं,
माती उघडी टाकतं, आणि ओढा ती घेऊन जातो.
मग जरा थांबून, कानाच्या पाळ्या लाल करत,
"तुमच्याकडचंच आहे म्हणतात. हिमालयातलं."

म्हटलं, तुम्हाला रोम जितकं लांब
तितकाच मला हिमालय.
पण देठ हातात होता, पेरांवरची ती फुगीर गाठ,
फुलामागची ती वळलेली शेपटी.
तेरडा. थोरला, आडदांड, खाऊनपिऊन माजलेला,
पण तेरडाच.
दिसतंय मला, यातून कसली कविता निघेल ते.
ती मी करणार नाही. तेरडा तेरडा आहे, मी मी आहे,
आणि काठ खरंच ढासळतो.

यंदा गौरी नेमक्या त्या शनिवारी आल्या.
आमच्याकडे गौर म्हणजे मुखवटा नव्हे,
पाणवठ्यावरून मुळासकट आणलेला तेरडा.
इथे आल्यापासून मी चौकटीतल्या फोटोलाच हळद वाहिली.
क्लिफर्डला विचारलं, एक नेऊ का?
तो बराच वेळ बघत राहिला. मग गुडघे टेकून
एक रोप निवडलं, डहाळी न् डहाळी तपासली,
कोवळ्या तीन शेंगा खुडून खिशात घातल्या,
मुळं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.
"पेरापेरातून फुटतं. पाण्यात सोडायचं नाही."

दारापासून जिन्यापर्यंत माझे बूट चिखलाने उमटले.
हे फडकं घेऊन धावले. म्हटलं, असू द्या,
पावलं आहेत ती. सोमवारपर्यंत असू द्या.

रंग तीन दिवस टिकला, म्हणीने सांगितला तेवढाच.
सोमवारी दहीभात दाखवला
आणि ओढा वर्ज्य म्हणून
मागच्या फरशीवर बसून
पेर न् पेर मोडलं. काकडीसारखा आवाज.
देवीला असं? हे म्हणाले.
मग तेही खाली बसले, दुसरी फांदी घेतली.

ऑक्टोबरात शेडपाशी क्लिफर्ड कुलपाशी झटत होता.
"पाहुणी गेली?"
गेली.
"सगळी?"
सगळी.
त्याने मान हलवली, आणि कुलपाला शिवी घातली.