वाव

हमरियाच्या धक्क्याला तिला आणून बांधलं
तेव्हा तिचं नाव ‘गोल्डन पर्ल सात’ होतं.
गुरं न्यायची म्हणे, बर्बेरा ते जेद्दा.
मला नग मोजायला पाठवलं: पितळ किती, तांबं किती,
वायर किती मीटर.

रंगाच्या सहा थरांखालची
वेल्डिंगची अक्षरं मात्र कुणी घासली नव्हती.
बोटांनी वाचली, आंधळ्यासारखी:
आ, ले, खि.
पुढची ‘नी’ गंजाने खाल्लेली.

हिच्या पोटात मी अकरा वर्षं राहिलोय.

पांढरं अंग, पिवळं धुराडं.
नौदलाची, पण तोफ नाही.
बाकीच्या जहाजांवरचे आम्हाला तलाठी म्हणायचे,
समुद्राचे तलाठी.
सरळ जायचं, वळायचं, शंभर मीटर सोडून
सरळ परत यायचं. महिनोन्महिने.
कागद जाळत सुई चालायची,
काजळीच्या वासाच्या त्या खोलीत बसून
आम्ही खोली लिहायचो.

भिवा मेथर यंत्राला मानत नसे.
शिशाच्या बुडाला चरबी थापून दोरी सोडायचा,
दोन्ही हात पसरून वर ओढायचा:
एक वाव, दोन वाव, साडेसात.
चरबीला चिकटलेलं बघायचा, चाखायचासुद्धा.
“वर शिंपले, खाली गाळ. हय नांगर धरूचो नाय.”
आणि धरत नसे.

शहाऐंशीच्या जानेवारीत, याच किनाऱ्यावर,
वाळूत भरतीची काठी रोवून मला सोडून गेले.
एक तंबू, एक कंदील, पाण्याचे दोन डबे.
दर दहा मिनिटांनी काठीवरचा आकडा लिहायचा.
मी बावीस वर्षांचा. पहाटे दोनला डोळा लागला.
चारला उठलो. बारा रकाने रिकामे.
पेन्सिल जिभेला लावून भरले, चढत्या क्रमाने,
अगदी खऱ्या भरतीसारखे.

कुणी विचारलं नाही. नकाशा छापला गेला.
त्या बारा आकड्यांनी समुद्र तिथे हातभर उथळ झाला
आणि भरलेली जहाजं त्याला वळसा घालून गेली.
गेली असतील. मला काय ठाऊक.
पुढे कितीतरी रात्री मी हिशेब करायचो:
किती डिझेल, किती तास.

ती मात्र कामाला लागलेली.
हुगळीचं तोंड, जे दर वर्षी जागा बदलतं.
मोंबासा. मालदीव.
निकोबारला मोठ्या लाटेनंतर तीच आधी शिरली,
कारण जुने आकडे एका सकाळीत खोटे झाले होते.
एकदा सात दिवस नुसत्या एका खडकासाठी,
ज्याच्यापुढे जुन्या नकाशात
‘असल्यास’ एवढंच लिहिलं होतं.
नव्हता.
त्याचीही नोंद झाली, तारखेसकट.
मग झेंडा उतरवला, लिलाव, गुरं.

गुलरेज कटर घेऊन उभा, पेशावरचा पोरगा.
“चाचा, ये जंगी जहाज? तोप किधर?”
मी म्हटलं, ही नापायची.
“क्या नापती थी?”
मी हाताने खाली दाखवलं. तो हसला.

त्याच्या पाठीमागे, जिथे माझे बारा आकडे होते,
तिथे आता भराव. अठ्ठावीस मजल्यांची रांग,
बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे,
कुणाची तरी लाल सायकल.
कुणी पुरेसं खणलं तर माझी झोप सापडेल.

वहीत शेवटचा रकाना, ‘शेरा’.
सुतळीला एक नट बांधून कठड्यावरून सोडला.
ओढताना हात पसरले. उजवा खांदा
दोन वर्षांपासून अडतो,
माझी वाव आता पुरती भरत नाही.
साडेतीन, की चार.
नटाला काळा गाळ. वास घेतला. चाखला नाही.

लिहिलं: ‘पाणी चार वाव, अंदाजे.’
गुलरेजने कटर पेटवला.
त्याला म्हटलं, थांब जरा,
आणि ‘अंदाजे’ खोडून
सुतळी पुन्हा सोडली.