कुणाला कधी कळतं

सावद्याच्या गोडाऊनमध्ये, वजनकाट्याशेजारी
बिल्टीच्या पाठकोऱ्या कागदावर
मी एक नकाशा काढतेय.
रस्त्यांचा नाही. बातमीचा.

दिल्लीची पिकवणखोली इथे, एक गोल.
तिचा फोन लीलाधर भंगाळेंना, पहाटे साडेपाचला.
भंगाळेंचा भाव ग्रुपवर, आठला.
मधले अडीच तास कुठे जातात
ते रेघेने दाखवता येत नाही,
तिथे चहाचा डाग पडला होता, तो तसाच राहू दिला.

रुबाब तडवी, कापणीच्या टोळीचा मुकादम,
खांद्यावर गादी टाकून बघत उभा.
"ताई, ह्याच्यात मी कुठंय?"
शोधला. नव्हता.
घडाच्या धारा गोल झाल्या, आता चारच दिवस,
हे बोटाला त्याच्याच आधी कळतं.
आज गाडी येणार नाही,
हे सगळ्यात शेवटी.

जानेवारीत तसंच झालं.
ग्वाल्हेरपुढे धुकं, गाड्या जागच्या जागी.
ड्रायव्हरला ठाऊक, त्याच्या बायकोला ठाऊक,
ढाब्यावरच्या पोऱ्यालासुद्धा ठाऊक,
आणि इकडे निंभोऱ्याला नऊशे घड खाली उतरलेले.
यादीतल्या नंबरावर मी दोनदा लावला होता.
बंद. म्हटलं, बागेत रेंज नसेल.
"कापेल घड परत झाडाले लागत नाही," रुबाब म्हणाला होता,
इतकंच.

मग मार्चमध्ये मी सगळ्यांना सगळं कळवलं.
प्रत्येक गोलातून प्रत्येक गोलाला रेघ,
कागदाचं कोळिष्टक झालं.
"उद्या भाव चढतोय"
एकाच मिनिटाला तीनशे फोनांवर वाजलं,
आणि उद्या तीनशे जणांनी कापलं.
संध्याकाळपर्यंत भाव बसला.
भंगाळे हसले नाहीत.
तेवढा चांगुलपणा आहे त्यांच्यात.

केळीला हे आमच्याआधीपासून येतं.
भरल्या गाडीत एक फणी पिवळी पडते,
तिच्यातून काहीतरी सुटतं, न दिसणारं,
आणि खंडवा येईस्तोवर
ताडपत्रीखाली सगळ्यांनी ते ऐकलेलं असतं.
कुणी मागे नाही, कुणी वगळलेलं नाही.
इतकं चोख जाळं,
आणि आम्ही त्याला माल गेला म्हणतो.

आज रेघा खोडतेय.
सात उरल्या. प्रत्येकीवर वेळ लिहिली.
एक नवी काढली, उलट्या दिशेची:
रुबाबच्या बोटापासून थेट दिल्लीच्या गोलापर्यंत.
पेन्सिलीनेच,
तिकडे अजून विचारलेलं नाही.

तो वाकतो, स्वतःचं नाव वाचतो,
खालचे दहा आकडे वाचतो.
"हा नंबर बंद आहे ताई,
पोळ्यापासून."